बेसची जागा चुकली, तरी मोजणी वाचते

नकाशामागचे गणित : भाग ७

मागच्या भागात आपण बेस आणि रोव्हर ही जोडी पाहिली. ट्रायपॉडवर स्थिर उभा असतो तो बेस आणि काठीवर बसवून बांधाबांधाने फिरवला जातो तो रोव्हर. दोघेही एकाच वेळी तेच उपग्रह ऐकतात, बेस आपली निरीक्षणे रेडिओवरून पाठवतो आणि रोव्हरला सेंटिमीटरच्या अचूकतेने स्थान मिळते. त्या वेळी एक अट आपण गृहीत धरली होती : बेस उभा आहे त्या बिंदूचे अक्षांश, रेखांश आणि उंची आधीच माहीत असली पाहिजे. आज प्रश्न असा, की ती माहीत नसेल तर काय करायचे?

हा प्रश्न नेहमीचाच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ कॉर्स केंद्रे उभारली आहेत. रात्रंदिवस चालणारे हे कायमचे बेसच. मोबाइलचे इंटरनेट असेल तिथे रोव्हर थेट त्यांच्याशी जोडला जातो. पण समजा मोखाड्याच्या डोंगरात, रेंज नसलेल्या पाड्यावर पाझर तलावाची मोजणी करायची आहे. जवळपास माहीत असलेला नियंत्रण बिंदू नाही. अशा वेळी मोजणीदार मोकळ्या माळावर खुंटी ठोकतो, तिच्यावर बेस लावतो आणि यंत्राला सांगतो, ‘आत्ता जे स्थान दिसते तेच धर.’ एकट्या यंत्राने शोधलेले हे स्थान दोन-चार मीटरने, उंचीत कधी त्याहून अधिक, चुकलेले असते. तरीही त्या दिवसाची मोजणी वाया जात नाही.

याचे कारण मोजणीच्या स्वरूपातच आहे. या पद्धतीत बेसपासून रोव्हरपर्यंतचे अंतर आणि दिशा मोजली जाते. बेस ‘अमुक ठिकाणी’ आहे असे धरून रोव्हरचे स्थान त्यापुढे मांडले जाते. त्यामुळे बेसची चूक प्रत्येक बिंदूत तेवढीच आणि त्याच दिशेने उतरते. सतरंजी खोलीत दोन हात सरकली म्हणून तिच्यावरची नक्षी बिघडत नाही, तसेच हे. बांधाची लांबी, शेताचे क्षेत्रफळ, दोन बिंदूंमधला चढ हे सारे बरोबरच असते. चुकलेली असते ती सगळ्या नकाशाची पृथ्वीवरची जागा.

ती जागा नंतर दुरुस्त करता येते. त्यासाठी मोजणी चालू असताना बेसने आपली कच्ची निरीक्षणे सतत नोंदवून ठेवली पाहिजेत. किमान दोन तास. चार-सहा तास मिळाले तर उत्तम. ही फाइल ‘रायनेक्स’ या सर्वमान्य स्वरूपात बदलून गणनसेवेकडे पाठवतात. कॅनडा सरकारची सीएसआरएस-पीपीपी आणि ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस या सेवा जगभरच्या मोजणीदारांना विनामूल्य उपलब्ध आहेत. पहिली सेवा उपग्रहांच्या अतिशय अचूक कक्षा आणि घड्याळे वापरून एकट्या बेसचे स्थान काढते. दुसरी जगभरच्या कायमच्या केंद्रांशी त्याची सांगड घालते. अशी केंद्रे बंगळुरू आणि हैदराबादलाही आहेत. जवळच्या कॉर्स केंद्राची त्याच वेळेची निरीक्षणे मिळाली, तर हेच काम आपल्या संगणकावरही करता येते.

शेतात उभ्या यंत्राला हे का जमत नाही? कारण त्या क्षणी उपग्रह स्वतःच्या जागेविषयी जे सांगतो ते साधारण मीटरभर चुकलेले असू शकते. १९९४ पासून रीतसर कार्यरत असलेली आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा जगभरच्या केंद्रांच्या नोंदींवरून या कक्षा मागाहून काढते. घाईचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते आणि अंतिम उत्तर सुमारे दोन आठवड्यांनी. अंतिम कक्षा दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक असतात. थांबण्याचे फळ हे असे मिळते.

आता आकडेमोड पाहू. स्थान अंशांऐवजी मीटरमध्ये सांगणाऱ्या यूटीएम या नकाशा-जाळीत समजा बेसचे शेतात धरलेले स्थान होते ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर) ३२६४१२.३५०, नॉर्थिंग (उत्तरेकडचे अंतर) २२०४७१८.६२० आणि उंची ३३८.४०० मीटर. गणनेनंतरचे स्थान आले ३२६४१४.१९०, २२०४७१७.६५० आणि ३३५.१९०. फरक अनुक्रमे अधिक १.८४०, उणे ०.९७० आणि उणे ३.२१०. हेच तीन आकडे प्रत्येक बिंदूत मिळवायचे. तलावाच्या बांधाचे टोक ३२६९५८.११५, २२०५१०२.४४०, ३५१.७२५ असे नोंदले असेल, तर ते होईल ३२६९५९.९५५, २२०५१०१.४७०, ३४८.५१५. बेसच्या चुकीने मोजलेल्या अंतरातही किंचित फरक पडतो. पण उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे चारेक मीटरच्या चुकीने किलोमीटरमागे मिलिमीटरचा पाव भागही बिघडत नाही. म्हणून साधी बेरीज पुरते.

मात्र ती बेरीज करण्याआधी काही गोष्टी काटेकोर तपासाव्या लागतात. पहिली गोष्ट अँटेनाची उंची. खुंटीच्या माथ्यापासून ती सरळ मोजली की तिरकी, आणि अँटेनाच्या कोणत्या खुणेपर्यंत, हे वहीत लिहिलेच पाहिजे. शेतात १.५०० मीटर भरले आणि सेवेला शून्य कळवले, तर उत्तर खुंटीचे न येता अँटेनाचे येईल आणि सगळ्या उंच्या दीड मीटरने बिघडतील. दुसरी गोष्ट संदर्भचौकट आणि तिची तारीख. जागतिक चौकटीत भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. दहा वर्षांपूर्वीच्या नियंत्रण बिंदूंशी आजचे उत्तर तसेच जोडले तर अर्धा मीटर फरक दिसेल. तिसरी गोष्ट यूटीएमचा पट्टा, कारण ही जाळी रेखांशांनुसार पट्ट्यांत विभागलेली आहे. पुणे, नाशिक, अमरावती ४३व्या पट्ट्यात येतात. ७८ अंश रेखांशापलीकडचे वर्धा आणि नागपूर ४४व्यात. दोन्ही स्थाने एकाच पट्ट्यातली असतील, तरच वजाबाकीला अर्थ आहे.

या दुरुस्तीने काय सुधारत नाही, हेही स्पष्ट असावे. झाडाखाली रोव्हरला पक्के उत्तर मिळाले नसेल, काठी कललेली असेल, मधेच कुणाचा धक्का लागून ट्रायपॉड हलला असेल, तर त्या चुका सर्व बिंदूंना समान नसतात. त्या सरकवून जात नाहीत. तिथे पुन्हा जाऊनच मोजावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी खुंटी पक्की करावी, तिचा फोटो आणि टिपण ठेवावे आणि दोन-तीन बिंदू दुसऱ्यांदा मोजून पाहावेत.

जमिनीचा नकाशा पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो. शेजाऱ्यांचे वाद, भूसंपादनाची भरपाई, तलावाच्या पाण्याची पातळी या साऱ्यांत त्याचाच आधार घेतला जातो. त्यामुळे दुरुस्त यादीसोबत मूळ यादी, बेसची कच्ची फाइल, अँटेनाची उंची, गणनसेवेचा अहवाल आणि मिळवलेले तीन आकडे जपून ठेवणे हा मोजणीचाच भाग मानला पाहिजे. पंचवीस वर्षांनी कुणी शंका घेतली, तर त्याला हे गणित पहिल्यापासून करून पाहता आले पाहिजे. मोजणी करवून घेणाऱ्या ग्रामपंचायतीने किंवा शेतकऱ्याने नकाशाबरोबर हे सारे हक्काने मागावे.

वरच्या उदाहरणातल्या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या नाहीत. त्या एका गणिती लंबगोलापासून मोजलेल्या आहेत आणि महाराष्ट्रात या दोन उंच्यांमध्ये कित्येक मीटरांचे अंतर पडते. पाणी कोणत्या उंचीचे ऐकते, ते पुढच्या भागात पाहू.