मोटारीच्या पोटातली वीतभर दांडी

मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे घरातील प्रत्येकाची नजर निरनिराळ्या ठिकाणी जाते. मुलांना रंग हवा असतो, आजोबांना चढण्या-उतरण्यास सोयीचे दार हवे असते, सौभाग्यवतींना पापड-कुरडयांचे डबे मावतील एवढी मागची जागा हवी असते, आणि कर्ता पुरुष लिटरला किती किलोमीटर हा एकच जप करीत असतो. गाडीखाली वाकून पाहणारा गृहस्थ विरळाच. आणि गंमत अशी, की पुढे पाचसात वर्षांनी खिशाला जी कात्री लागते ती बहुधा तेथूनच लागते!

आमचा गोंदिया जिल्हा १९९९ च्या महाराष्ट्रदिनी भंडाऱ्यापासून वेगळा निघाला. धानाचा, तलावांचा आणि जंगलांचा हा मुलूख. पावसाळा सरता सरता येथील रस्त्यांची जी दशा होते, ती ज्याच्या गाडीवर ‘एमएच ३५’ची पाटी आहे त्याला वेगळी सांगावयास नको. त्यातच दिवाळीच्या सुमारास धान कापणीला आलेले असते, आणि गिरण्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगांना वाट देता देता गाडीचे एक चाक हटकून रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात उतरते. एकच चाक, दोन्ही नव्हे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपल्या साऱ्या कथेचे मूळ तेथेच आहे.

माझी थोरली बहीण अर्जुनी-मोरगावला दिलेली. भाऊबिजेला आम्ही सहकुटुंब गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध अशा वाटेने तिच्याकडे जातो. एका वर्षी भाद्रपदातच आमच्या गाडीच्या पुढच्या बाजूने ‘खडखड, टकटक’ असा आवाज येऊ लागला. सडकेवर वेगाने जाताना गाडी शहाण्यासारखी वागे. पण गल्लीतल्या बारीकसारीक खळग्यांतून हळू जाताना भांड्यांची मांडणी हालल्यासारखी वाजे. एका मोठ्या कार्यशाळेत दाखविली, तर तेथील टापटीप पोषाखातील तरुणाने दहा मिनिटांत कागद हाती ठेवला: दोन्ही शॉक अॅबसॉर्बर, दोन्ही खालचे आर्म आणि त्यांच्यासोबतचे सगळे बुश बदला! खाली मांडलेला आकडा पाहून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “हे तर पोरीच्या नागपूरच्या वसतिगृहाचे सहा महिन्यांचे पैसे झाले हो!”

पैसे तर तेवढेच होते. मुलीची फी थांबवावी, की खडखडणाऱ्या गाडीत म्हाताऱ्या आईला आणि मुलांना बसवून जंगलातल्या रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटर न्यावे? असा पेच पडला म्हणजे मध्यमवर्गीय माणसाने काय करावे? मी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने आमच्याच भागातील एका वयस्क मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने गाडी खड्ड्यावरच्या फळ्यांवर सरळ उभी केली, मला बॉनेटवर दाब देत गाडी हलवावयास सांगितले, आणि स्वतः खाली उतरून एकेका सांध्यावर नुसता हात ठेवीत गेला.

“भाऊ, शॉकअप चांगला आहे तुमचा. तेल नाही गळत. हा लिंक रॉड बोलते. इथं हात लावून पाहा.”

मी हात लावला. गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला तो वीतभर लांबीचा दांडा टोकाशी टकटक करीत होता. साऱ्या गोंगाटाचा धनी तोच!

आता हा लिंक रॉड करतो काय? मोटारीच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आडवा, पसरट ‘यू’च्या आकाराचा एक पोलादी गज असतो. त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात, कोणी अँटी-रोल बार म्हणतात. अमेरिकेत तोच स्वे बार. अशा गजाचे पहिले पेटंट कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना १९१९ साली मिळाल्याचे सांगतात. त्याचे काम समजण्यासाठी आपण धोतर पिळण्याचा दाखला घेऊ. ओल्या धोतराची दोन टोके दोघांनी धरली आणि दोघांनीही ती एकाच बाजूला फिरविली, तर पीळ पडत नाही. एकाने घट्ट धरून दुसऱ्याने फिरविले म्हणजे पीळ पडतो. दोन्ही चाके बरोबर वर उचलली गेली, तर हा गज आपल्या रबरांत नुसता फिरतो. पण वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली, की एक चाक वर आणि दुसरे खाली जाते. गजाला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडविण्याच्या धडपडीत गज गाडीला सरळ धरतो. गजाची टोके चाकांच्या सांगाड्याशी जोडणारा दुवा म्हणजेच हा लिंक रॉड.

अर्ल मॅकफर्सन यांची शॉक अॅबसॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र बांधण्याची रचना १९५० साली इंग्लंडातील फोर्ड कॉन्सल गाडीत आली, आणि आज आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांचे पुढचे पाय याच जातीचे असतात. पुष्कळ गाड्यांत लिंकचे वरचे टोक थेट त्या शॉकअपच्या नळीलाच जोडलेले असते. चाक जेवढे हालते, जवळजवळ तेवढेच लिंकलाही हालावे लागते. म्हणून खड्ड्यांच्या मुलखात तिची टोके लवकर झिजतात.

येथवर कळले, तरी खरी परीक्षा पुढेच असते. कारण दुकानात गेल्यावर एकाच वस्तूचे चार अवतार समोर येतात.

पहिला अवतार मोटार कंपनीच्या शिक्क्याचा. दुसरा, सुटे भाग बनविणाऱ्या नामांकित कारखान्यांचा: चेन्नईचे राणे, जपानचे ‘५५५’ अशी नावे दुकानदार सांगतात. तिसरा हौशी मंडळींचा, लांबी कमीजास्त करता येणारा. आणि चौथा बिननावाच्या डबीतला, ज्याची किंमत ऐकूनच मनुष्य मोहात पडतो.

यांतून निवड करताना मी पुढील गोष्टी पाहिल्या.

माप. जुनी लिंक सोबत नेलीच पाहिजे. दोन्ही टोकांच्या गोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर, आट्यांची जाडी (कोठे एम १०, कोठे एम १२) आणि दोन्ही खिळ्यांची तोंडे एकाच दिशेला आहेत की विरुद्ध, हे तिन्ही जुळावे. कित्येक गाड्यांत डावी लिंक निराळी आणि उजवी निराळी असते. गाडीचा चासी क्रमांक सांगून भागाचा क्रमांक काढून घेणे सर्वांत उत्तम.

दांडा. नव्या गाड्यांत वजन वाचविण्यासाठी काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या दांड्या येतात. त्या पाहून ‘प्लॅस्टिक!’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. झिजतो तो दांडा नव्हे, टोकाचा गोळा. पोलादी दांडा घेतला तरी जोडावर वेल्डिंग स्वच्छ आहे ना, आणि गंज न चढण्याचा लेप सगळीकडे बसला आहे ना, हे पाहावे.

रबरी टोपी. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. गोळ्यावरील टोपी फाटली, की चिखल-पाणी आत जाते, वंगण धुऊन निघते आणि गोळा सैल होतो. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत रस्ता आणि बांधी यांत फरक तो काय? म्हणून टोपी जाड, लवचिक आणि दोन्ही काठांना घट्ट आवळलेली असावी. ग्रीस भरण्याचे बोंडले असलेल्या लिंका टिकाऊ खऱ्या, पण वेळच्या वेळी ग्रीस भरणार असाल तरच!

लांबी बदलणाऱ्या लिंका. ज्यांनी गाडी मुद्दाम उंच किंवा ठेंगणी केली आहे, त्यांना त्या उपयोगी. कारण उंची बदलली की जुन्या लांबीने गजाचा कोन बिघडतो. पण त्यांपैकी ज्यांच्या टोकांना उघडे गोळे असतात, त्या धुळीत लवकर झिजून वाजू लागतात. जशीच्या तशी गाडी वापरणाऱ्या कुटुंबाला त्यांचे काम नाही. पॉलियुरेथेनचे कडक बुश असलेली जातही मिळते. ती टिकते, पण हादरे आत पोचविते आणि वंगणावाचून कुरकुरते.

आणखी एक गैरसमज. ‘भारी लिंक घातली म्हणजे गाडी कमी कलेल’ असे माझ्या पुतण्याने मला मोठ्या विश्वासाने सांगितले. लिंक हा नुसता निरोप्या आहे. ताकद गजाच्या जाडीत असते. आणि गज जाड केला तर एका चाकाचा दणका दुसऱ्या चाकाकडेही अधिक जाऊ लागतो. गुळगुळीत रस्त्यावर ते शोभेल. एका बाजूच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे बसलेल्या आजीबाईंची मान मात्र दुखेल.

बिननावाची लिंक का नको, हेही सांगतो. लिंक तुटली म्हणून चाक निखळत नाही. पण वळणावर गाडी अधिक झुकते, आणि लोंबकळणारा दांडा टायरला किंवा ब्रेकच्या नळीला घासू शकतो. म्हणून वेष्टनावर बनविणाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असावी, ही कायद्याचीच अपेक्षा आहे. पक्के बिल मागावे. बाहेरचा भाग घेण्यात कमीपणाही मानू नये. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. दंडाची बाब पुढे अपिलात गेली. पण गिऱ्हाइकाला निवडीचा हक्क आहे, हे त्या निमित्ताने सर्वांना कळले.

मी नामांकित कारखान्याची जोडी घेतली. जोडीच घ्यावी, एक झिजली की दुसरीही फार मागे नसते. बसविताना मिस्त्रीने पुढची दोन्ही चाके सारखी उचलली, कारण एकच उचलले तर गजाला पीळ बसून लिंक निघत-बसत नाही. नट फिरविताना गोळ्याचा खिळा आतून किल्लीने धरून ठेवला, जुने नट फेकून नवे लावले, आणि कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळले. बुश-बोल्टची लिंक असेल, तर शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असतानाच द्यावा. आणि हो, मूळ मापाची लिंक बदलल्याने चाकांची अलाइनमेंट बिघडत नाही. तेवढ्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले, तर हसून नमस्कार करावा.

सारा खर्च त्या कागदावरील आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही झाला नाही. मुलीची फी वेळेवर गेली. यावरून मोठ्या कार्यशाळा वाईट आणि झाडाखालचे मिस्त्री थोर, असा निष्कर्ष कोणी काढू नये. दोन्हीकडे दोन्ही प्रकारची माणसे भेटतात. मुद्दा एवढाच, की “काय बदलायचे?” याच्या आधी “काय झिजले आहे ते मला हात लावून दाखवा” असे म्हणण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

दिवाळीपूर्वी आपण माळ्यावरची जळमटे काढतो, देव्हाऱ्यातली समई घासतो. त्याच झपाट्यात एक दिवस गाडीच्या पोटाखालीही डोकावावे. ज्या वस्तूवर घरची सगळी माणसे बसवून आपण परगावी निघतो, तिची विचारपूस सणाच्या आधीच झालेली बरी!