ना पासिंग, ना नंबरप्लेट, मग विमा कशाला?

बीडच्या माणसाला विमा म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पेरणी उरकली की आपण पीक विम्याची पावती हातात घेतो आणि मगच आभाळाकडे बघतो. पंचनामा, आणेवारी, अग्रीम हे शब्द इथली पोरं शाळेत जायच्या आधी ऐकतात. देशाच्या विम्याच्या नकाशावर तर या जिल्ह्याच्या नावाचा एक आख्खा 'पॅटर्न' आहे. बीडचा पीक विमा घ्यायला कंपन्या पुढे येईनात, तेव्हा २०२०च्या खरिपात ८०-११०चं सूत्र इथे लागू झालं. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार सरकारने उचलायचा. नुकसान कमी झालं तर कंपनीने २० टक्क्यांपर्यंतच ठेवून घ्यायचे आणि बाकी पैसे सरकारला परत करायचे. २०२२मध्ये हाच बीड पॅटर्न राज्यभर गेला.

आणि त्याच बीडमध्ये, सोयाबीनचा विमा न चुकता काढणाऱ्या घराच्या ओसरीत चार्जिंगला लावलेली तीस-चाळीस हजारांची इलेक्ट्रिक सायकल मात्र रामभरोसे!

पाच एचपीचा पंधरावा हिस्सा

मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. एवढं पाळलं की केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या लेखी ती मोटार वाहन नाही, सायकलच. म्हणून लायसन्स नको, पासिंग नको, नंबरप्लेट नको आणि विम्याची सक्तीही नाही. २५० वॉट म्हणजे किती? विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरचा साधारण पंधरावा भाग. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला अर्धं युनिटसुद्धा पुरतं. खर्च चहाच्या एका कपापेक्षा कमी. बॅटरी नवी घ्यायची वेळ आली की मात्र आकडा हजारांत जातो.

ही मोकळीक छान आहे, पण तिची दुसरी बाजू दुकानात कुणी सांगत नाही. मोटारसायकल चोरीला गेली तर आरटीओच्या नोंदीत तिचा नंबर, चेसिस, मालकाचं नाव सगळं असतं. तुमच्या सायकलची सरकारदरबारी कुठेच नोंद नाही. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत, तेवढीही खूण आता उरली नाही. मग सुभाष रोडवरून ती गायब झाली, तर ती तुमचीच होती हे पोलिसांना आणि विमा कंपनीला पटवायला दोनच गोष्टी हाताशी राहतात, पक्कं बिल आणि फ्रेम नंबर. म्हणून आजच सायकल आडवी करा. बहुतेक सायकलींना पेडलच्या दांड्याखाली नंबर ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढा, बॅटरीवरच्या नंबरचाही काढा आणि बिलासोबत जपून ठेवा.

कोबेचा मुलगा

या विषयातली सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट जपानची आहे, आणि ती साध्या सायकलची आहे. २००८मध्ये कोबे शहरात अकरा वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी उतारावरून सायकलने येत होता. वेग ताशी वीस-तीस किलोमीटर, म्हणजे आपल्या इलेक्ट्रिक सायकलइतकाच. समोरून चालत येणाऱ्या साठीतल्या बाईंना धडक बसली आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०१३मध्ये कोर्टाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला सांगितली. तेव्हाच्या दराने साडेपाच कोटी रुपयांहून जास्त! कोबे ज्या ह्योगो प्रांतात येतं, त्याने २०१५मध्ये सायकलस्वाराला विमा सक्तीचा केला. असं करणारा तो जपानमधला पहिला प्रांत, आणि पुढे बरेच प्रांत त्याच वाटेने गेले.

आपल्याकडे एवढा आकडा कुणी लावणार नाही. पण मोंढ्याच्या गर्दीत तुमच्या सायकलने एखाद्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं, तर ऑपरेशनचा खर्च मागायला तिची माणसं तुमच्याच दारात येतील. विम्यात याला तिसऱ्या व्यक्तीची जबाबदारी म्हणतात. सायकलचा विमा घेताना माझ्या मते पहिलं कलम हे बघावं, चोरीचं त्यानंतर.

जाता जाता परदेशातल्या आणखी काही गोष्टी. बॅटरीवरच्या सायकलचं पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळालं, म्हणजे ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी. पेडलला मोटरची साथ देणारी सायकल यामाहाने बाजारात आणली ती १९९३मध्ये. जर्मनीत ताशी ४५ किलोमीटरच्या वेगवान इलेक्ट्रिक सायकलला विम्याची छोटी पाटी लावावी लागते आणि तिचा रंग दरवर्षी बदलतो, काळा, निळा, हिरवा. विमा संपलेला आहे हे पोलिसाला लांबूनच कळतं. स्वित्झर्लंडमध्ये तर २०११पर्यंत साध्या सायकललाही विम्याचा स्टिकर सक्तीचा होता.

लॉक तोडलं की वाहन बदललं

'पंचवीसची लिमिट काढून देतो,' असं म्हणणारे कारागीर सगळीकडे भेटतात. पोरांना ते भारी वाटतं. पण लिमिट गेली की कायद्याने ती सायकल राहत नाही, ती पासिंग नसलेलं आणि विमा नसलेलं मोटार वाहन होते. विना विमा वाहन चालवण्याचा पहिला दंड २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याहून मोठं नुकसान पुढे आहे. सायकल म्हणून काढलेली पॉलिसी अशा बदललेल्या गाडीचा क्लेम नाकारू शकते, आणि अपघाताची भरपाई घरच्या शेतीवर येते. हात जोडून सांगतो, हे करू नका.

उसाचे दिवस

दिवाळीनंतर आपले रस्ते ओळखू येत नाहीत. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. अशा रात्री माजलगाव किंवा केजच्या बाजूला सायकलवर असलेल्या माणसाचे हक्क त्याला ठाऊक असायलाच हवेत. धडक देणारं वाहन पळून गेलं तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२पर्यंत हीच रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती. २०२५पासून वाहन अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस होतात. मात्र ही सगळी मदत मोटार वाहनाने केलेल्या अपघाताची आहे. खड्ड्यात चाक जाऊन तुम्ही एकटेच पडलात, आडवं कुत्रं आलं, मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक लागला नाही, तर यातलं काहीच लागू होत नाही.

तिथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक आपल्याच मातीतल्या नावाची. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत रस्ता अपघातात गेले. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात योजनेला राज्याने त्यांचं नाव दिलं. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५, अपघाती मृत्यूला २ लाख. एप्रिल २०२३पासून यात विमा कंपनी नाही, सरकारच थेट अनुदान देतं. अर्ज कृषी कार्यालयात करायचा.

दुसरी, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही डोळे, हात, पाय गेल्यास २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख. सायकलच्या दोन पंक्चरच्या पैशांत! पण हाड मोडल्याचा दवाखाना यात बसत नाही, त्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा लागतो.

खास सायकलचा विमा घ्यायला गेलात तर एजंटला सोडू नका, विचारा. नुसती बॅटरी चोरीला गेली तर पैसे मिळतात का? कोणतं कुलूप लावलं पाहिजे? सायकलवर दूध घालतो, पार्सल पोचवतो, ते चालतं का? घराचा विमा असेल तर त्यात इलेक्ट्रिक सायकल नाव घालून धरली आहे का? आणि आगीचा धोका विसरू नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींनी १८ जीव घेतले. म्हणून रात्रभर उशाशी चार्जिंग नको, आणि मे महिन्यात उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली तर नकोच.

आणि मे महिन्यातलीच आणखी एक तारीख. वीस रुपयांच्या त्या विम्याचं वर्ष ३१ मेला संपतं आणि पुढचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्या आठवड्यात खत-बियाण्यासाठी खातं रिकामं कराल, तेव्हा त्यात वीस रुपये शिल्लक ठेवा.