नेम पन्नास मीटरवर, नजर पाकिटावर!

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकलं. तुमचेही हात शिवशिवतायत? थांबा, क्रेडिट कार्ड आत ठेवा. ५० मीटरवरच्या टार्गेटमधलं 'दहा'चं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. शिवाय पॉइंट टू-टू रायफलला शस्त्रपरवाना लागतो. म्हणून श्रीगणेशा १० मीटर एअर रायफलनं करा. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकद असेल, तर तिला परवान्याची गरज नाही.

पहिले काही महिने क्लबचीच रायफल वापरा. आधी आपला 'मास्टर आय' ओळखा. दोन्ही तळव्यांच्या फटीतून लांबची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती दिसत राहील, तो तुमचा. पहिली खरेदी ग्लोव्हची, मग मापाच्या जॅकेटची. उसनं जॅकेट अंगाला बसत नाही आणि ढिलं जॅकेट पाठीला आधार देत नाही.

रायफल सगळ्यात शेवटी! बट आणि चीकपीस तुमच्या मापानं सरकतात का, वजन तासभर पेलतं का, हे स्वतः उचलून बघा. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंतच परवानगी आहे. उरलेले पैसे? पेलेट्समध्ये घाला. नेम शोरूममध्ये मिळत नाही, बॉस!