क्लेरिक मीच का?

रविवारी दुपारी मित्राच्या घरी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा नवा ग्रुप जमलाय. तुम्ही पोचेपर्यंत फायटर, विझर्ड, रोग सगळे वाटून झालेत. मग कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्याकडे हीलर नाहीये यार, तू क्लेरिक हो ना!’ गल्ली क्रिकेटमध्ये उशिरा आलेल्याला फिल्डिंगच मिळते, त्यातलाच प्रकार.

लगेच मान डोलावू नका. न आवडणारं कॅरेक्टर गळ्यात पडलं, की पुढच्या रविवारी हमखास काहीतरी काम निघतं! आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जखमी गड्याला उठवायला क्लेरिकच हवा, असंही नाही. ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र बार्ड आणि ड्रुइडलाही पहिल्या लेव्हलपासून घेता येतो. फायटर तर ‘सेकंड विंड’ वापरून स्वतःचं स्वतः सावरतो.

नियम वाचायचा कंटाळा आहे? फायटर घ्या. वीस बाजूंचा फासा टाकायचा, वार लागला का बघायचं. विझर्ड दिसायला भारी, पण पहिल्याच दिवशी वहीत सहा मंत्र, त्यातले तयार कुठले ठेवायचे याचा हिशोब वेगळा. शिवाय अंगात जीव कमी. दोन फटक्यांत आडवा. हौस असेल त्यानेच नादी लागावं.

आणि क्लेरिक खरंच आवडला तर? बिनधास्त घ्या. ‘वॉर डोमेन’ निवडा, जड चिलखत चढवा, पुढे उभे राहा. फक्त खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगून टाका, पहिल्या लेव्हलला स्पेल स्लॉट दोनच आहेत, ते कुणावर खर्च करायचे ते मी ठरवणार.