समुद्रकाठचा बंगला आणि आपला धाब्याचा वाडा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी पाहायचे तर लोणारला जावे. तेही उल्केच्या आघाताने झालेले सरोवर. पण पाण्याशी नाते राखून बांधावे कसे, याची जाण इथे जुनी आहे. सिंदखेडराजाच्या चांदणी तलावात मधोमध उभी असलेली दगडी वास्तू ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

समुद्रकाठी बंगला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मासिकातली रंगीत छायाचित्रे येतात. इटालियन संगमरवर, जमिनीपासून छतापर्यंत काच, आत वातानुकूलन यंत्राची घरघर. समुद्र काचेपलीकडे, भिंतीवरच्या चित्रासारखा! हाच बंगला उचलून दिल्लीत ठेवला तरी काही बिघडणार नाही.

रायगड जिल्ह्यातल्या नांदगावी समुद्राजवळ, नारळीच्या बागेत २००७ साली पुरे झालेले ‘पामायरा हाऊस’ मात्र निराळे आहे. वास्तुकार बिजॉय जैन आणि त्यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’तील कारागिरांनी ते उभे केले. समोरासमोर दोन लांबट लाकडी इमारती, मध्ये पोहण्याचा तलाव. भिंतींच्या जागी बहुतेक ठिकाणी झडपा, त्याही ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या. खाऱ्या हवेत वाढलेले झाडच खाऱ्या हवेशी झुंजायला उभे केले आहे. झडपांतून वारा आत येतो, ऊन मात्र गाळून येते, आणि दिवसभर खोल्यांतून सरकणाऱ्या सावल्या हीच तिथली सजावट. जोते काळ्या दगडाचे. पाणी आवारातल्या विहिरींचे. घर श्रीमंताचे आहे, पण श्रीमंती मिरवणारे नाही.

आता आपल्याकडे वळू. नांदगावचा काळा दगड आणि लोणारच्या कड्याचा दगड एकाच जातीचा, ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला बेसाल्ट. त्याच दगडाच्या, मातीच्या जाड भिंती. वर सागवानी तुळया आणि मातीचे धाबे. मधोमध चौक, भोवती ओसरी. भिंतीत देवळ्या, कोनाडे, खुंट्या. वेगळे कपाट नको की शोकेस नको. वैशाखातले ऊन त्या भिंतीतून आत शिरेपर्यंत संध्याकाळ होई. हेही परिसरातूनच उगवलेले घर. फरक एवढाच, की त्याचे छायाचित्र मासिकात आले नाही.

आज हे वाडे पडत आहेत. त्याला कारणेही खरी आहेत. धाबे दर पावसाळ्याआधी दुरुस्त करावे लागते, ते गळते, उंदीर-घुशी पोखरतात. भावाभावांत वाटण्या होतात. सुनेला घरात मोरी-संडास हवा, आणि तो हवाच. मग स्लॅब पडतो. एप्रिल-मे महिन्यात तोच स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता खाली सोडतो. कूलर रात्रभर ओरडतो, आणि टाकीत पाणी नसेल तर तोही गप्प. जुने कोरीव खांब तेवढे लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, आणि पुढे कुठल्या तरी शहरी बंगल्याच्या दिवाणखान्यात ‘अँटिक’ म्हणून उभे राहतात. आपण जे मोडीत काढतो, तेच दुसरा हौसेने विकत घेतो.

सगळ्यांनी पुन्हा धाब्यात राहावे, असे कोणी म्हणणार नाही. पण नव्या घरालाही छोटा चौक ठेवता येतो. पश्चिमेची भिंत जाड घेता येते, तिच्या बाहेर कडुनिंब लावता येतो. समोरासमोर खिडक्या आणि वर झरोका ठेवला तर वारा फुकट मिळतो. जुनी दारे, चौकटी, खांब विकण्याऐवजी नव्या घरात बसवता येतात. त्यासाठी वास्तुकारच हवा असे नाही. गावातला जुना सुतार आणि गवंडी पुरेसा आहे, तो आहे तोवर.

म्हणून वाडा पाडण्याआधी एकदा त्यांना बोलवावे आणि सोबत सगळा वाडा फिरावे. दगड-लाकूड पुन्हा मिळेल. ते कुठे आणि का ठेवायचे, हे ठाऊक असलेला माणूस पुन्हा मिळणार नाही.