फोन गेला तर आधी सिम बंद करा

मोबाइल हरवला किंवा चोरीला गेला की पहिली धावपळ होते ती फोन शोधण्याची. कुणाचा तरी फोन मागून आपलाच नंबर पुन्हापुन्हा लावायचा, नकाशावरचा ठिपका हलतोय का पाहायचं, ‘स्विच्ड ऑफ’ ऐकू आलं की पोलीस ठाणं गाठायचं. यातली एकही गोष्ट गैर नाही, गैर आहे तो क्रम. वीस हजारांचा हँडसेट गेला तर नुकसान वीस हजारांचं, आणि ते होऊन गेलेलं असतं. त्यातल्या सिमवर मात्र बँक खातं, यूपीआय, आधार, ई-मेल सगळं टांगलेलं असतं आणि तिथलं नुकसान अजून व्हायचं असतं. म्हणून पहिला तास नंबरला आणि बँकेला द्यावा. हँडसेटचा शोध त्यानंतरही घेता येतो.

‘माझ्या फोनला लॉक आहे, बोटाशिवाय उघडत नाही’ या भरवशावर बरेच जण निर्धास्त राहतात. हे लॉक हँडसेटचं असतं, सिमचं नाही. ट्रेमधलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचा नंबर तिथे सुरू होतो आणि तुमचे ओटीपी तिथे येऊ लागतात. नव्या फोनवर यूपीआय ॲप सुरू करताना ओळख पटते ती सिमवरून जाणाऱ्या एसएमएसने. पुढे यूपीआय पिन नव्याने ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. काही बँका कार्डाचा पिनही विचारतात, तेवढीच काय ती आडकाठी. आता आजूबाजूच्या फोनची कव्हरं पाहा. पारदर्शक कव्हरच्या आत, फोनच्या पाठीला चिकटून एटीएम कार्ड आणि रेल्वेचा पास खोचलेला दिसेल. फोनसोबत कार्डही गेलं की चोराच्या हाती जवळजवळ पूर्ण संच पडतो. आधार क्रमांकाच्या आधारेही यूपीआय पिन ठेवता येतो, आणि आधार कार्डाची छायाप्रत अनेकांच्या पाकिटात असते. लॉक फोडण्याचे कष्ट चोराने घ्यावेत तरी कशाला?

यावर एक रास्त आक्षेप आहे. सिम बंद केलं की फोनचं इंटरनेटही जातं, मग तो नकाशावर दिसणार कसा आणि दूरवरून लॉक होणार कसा? आक्षेप खरा आहे, म्हणून क्रम थोडा बारकाईने लावावा लागतो. दुसरा फोन हाताशी असेल आणि गुगल किंवा ॲपलच्या खात्याचा पासवर्ड आठवत असेल, तर आधी ‘फाइंड हब’ किंवा ‘फाइंड माय’मधून फोन लॉक करावा. हे काम पाच मिनिटांचं आहे, तेवढीच मिनिटं त्याला द्यावीत. पासवर्ड आठवत नसेल, किंवा लॉगिन करताना पडताळणीचा कोड हरवलेल्या फोनवरच जात असेल, तर तिथे अडकून न पडता कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून सिम बंद करावं. तसंही सराईत चोर पहिल्यांदा फोनच बंद करतो. त्यामुळे ठिपक्याची वाट पाहण्यात मिळतं थोडं आणि जाऊ शकतं फार. ठिपका दिसलाच, तरी एकट्याने त्या पत्त्यावर जाऊन थडकू नये. ती माहिती पोलिसांना द्यावी.

दुसरा फोन बँकेला. यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगावं, तक्रार क्रमांक घ्यावा आणि वेळ लिहून ठेवावी. ही वेळ का महत्त्वाची, ते रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असं ते परिपत्रक म्हणतं. जबाबदारी ग्राहकाचीच आहे हे सिद्ध करण्याचा भारही त्याने बँकेवर टाकला आहे. म्हणजे बँकेला केलेल्या त्या एका फोनने नुकसानीची रेघ मारली जाते. ती सकाळी मारायची की संध्याकाळी, हे आपल्या हातात असतं. पैसे गेलेच असतील, तर त्याच दमात १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावं. रक्कम पुढच्या खात्यांतून फिरण्याआधी गोठवता आली, तरच परत मिळण्याची आशा असते.

मग पोलीस. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगतून फटका मारून फोन पाडला जातो, तेव्हा गाडी पुढच्या स्थानकात पोहोचेपर्यंत हद्द कुणाची हाच पहिला प्रश्न पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. फोन हिसकावला असेल तर ‘गहाळ झाला’ एवढ्या नोंदीवर समाधान मानू नये. हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पोलिसांकडची नोंद हाती आली की ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आयएमईआय क्रमांक ब्लॉक करण्याचा अर्ज करता येतो. त्याचा ओटीपी हरवलेल्याच नंबरवर येतो, म्हणून आधी त्या नंबरचं डुप्लिकेट सिम घ्यावं लागतं, आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला एक दिवस जातो. हँडसेट बंद पाडण्याची ही वाट अशी मुळातच दुसऱ्या दिवसाची आहे. पहिल्या तासात तिच्यामागे लागून हाती काही येत नाही.

‘ब्लॉक केला तर फोन सापडणार कसा’ ही शंकाही येते. ब्लॉक झालेला फोन भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, पण त्यात कुणी सिम घातलं तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचू शकतो. सापडल्यावर फोन पुन्हा सुरू करून घेता येतो. या उपायाला मर्यादा आहेत. देशाबाहेर गेलेल्या किंवा सुटे भाग करून विकलेल्या हँडसेटवर त्याची मात्रा चालत नाही. म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही असं मात्र होत नाही. उद्या तुमच्या नंबरवरून कुणाला फसवलं गेलं, तर फोन त्या वेळी तुमच्याकडे नव्हता याचा पुरावा म्हणजे हीच तारीख-वेळेची नोंद.

हे सगळं नीट पार पडतं ते आधी थोडी तयारी असेल तर. *#०६# दाबून दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक फोनच्या बिलावर लिहून ठेवावा. सेटिंग्जमध्ये सिम पिन सुरू करावा. मग सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिन विचारला जातो आणि तीनदा चुकला की सिम अडतं. मूळ पिन कंपनीकडून समजून घ्यावा, अंदाजाने आकडे दाबत बसू नये. कव्हरमधलं कार्ड बाहेर काढावं. सिम कंपनीचे आणि बँकेचे हेल्पलाइन क्रमांक फोनमध्ये असतात तसेच कागदावरही असावेत. आणि घरातल्या एका तरी माणसाचा नंबर तोंडपाठ असावा, कारण फोन गेल्यावर सगळी सुरुवात दुसऱ्याचा फोन मागून करायची असते.