छिंगमिंगच्या आधीची पाती

आयीनं माझी नखं पाहिली आणि मान हलवली. मार्चचा शेवटचा आठवडा होता. हांगझोऊ शहराला लागून असलेल्या लुंगजिंग गावात मी मोठ्या हौसेनं चहा खुडायला आले होते. नखानं खुडलं की देठाचं टोक काळं पडतं आणि पुढे तेच काळं टोक पेल्यात दिसतं. म्हणून कोंब बोटांच्या पेरांत धरायचा आणि हलकेच वर उचलायचा, तो आपसूक तुटून येतो. एक कळी आणि तिला बिलगलेलं एक पान. तासाभरात माझ्या टोपलीचा तळसुद्धा झाकला नाही. हंगामापुरत्या बाहेरगावाहून आलेल्या बाया दोन्ही हातांनी खुडत केव्हाच पुढच्या ओळीत गेल्या होत्या.

चिनी भाषेत आईच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. अर्थ मावशी, पण मराठी कानाला ती हाक वेगळीच लागते. नोकरीनिमित्त मी हांगझोऊत तीन वर्षं राहिले आणि तिन्ही वसंतांत या आयीच्या मळ्यावर गेले.

घाई होती ती छिंगमिंगची. हा दिवस ४ किंवा ५ एप्रिलला येतो. त्याच्या आधी खुडलेला चहा सगळ्यांत मोलाचा. त्यानंतर गुयूपर्यंत, म्हणजे २० एप्रिलच्या सुमारापर्यंत खुडलेला दुसऱ्या मानाचा. पुढे भाव उतरत जातो. दोनचार दिवसांनी किंमत एवढी कशी बदलते, हे मला पहिल्या वर्षी कळेना. मग आयीनं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं.

चिनी सण बहुतेक चंद्रावर चालतात, पण शेती सूर्यावर. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे तिथं १५-१५ अंशांचे २४ भाग केलेले आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ग्रंथातही ही चोवीस नावं सापडतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लीछुन, वसंताचा आरंभ. त्या दिवशी काही गावांत अजूनही मातीचा किंवा कागदाचा बैल काठीनं फोडून नांगरणीला सुरुवात झाल्याचं जाहीर करतात. मार्चच्या पाच-सहा तारखेला जिंगज, मातीतले किडे जागे होण्याचा दिवस. छिंगमिंग म्हणजे निर्मळ नि उजळ. भोपळे, कडधान्यं टोकायची वेळ. गुयू म्हणजे धान्याचा पाऊस. २०१६ साली युनेस्कोनं या कालगणनेला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

मला हे परकं वाटलंच नाही. आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. वडील पंचांगात सूर्यनक्षत्र बघणारे, रोहिणी बरसल्या का, मृगाचं वाहन काय, हे विचारणारे. आपण सूर्याच्या त्याच वाटेचे सत्तावीस भाग केले, त्यांनी चोवीस.

छिंगमिंगच्या आधीच्या पात्याला एवढा मान का, याचं उत्तर झाडात आहे. हिवाळाभर चहाचं झुडूप निजलेलं असतं आणि साठा राखून ठेवतं. मार्चच्या गारव्यात कोंब सावकाश येतात. त्यांत थिअनिन नावाचं गोडसर चवीचं द्रव्य भरपूर असतं आणि कडवट-तुरट द्रव्यं कमी. ऊन तापलं की पानं भराभर वाढतात आणि तुरटपणाही वाढतो.

दुपारपर्यंत पानं पसरून मलूल होऊ देतात. मग कढई. हिरवा चहा म्हणजे पानातली काळं पडण्याची क्रिया आचेनं जागीच थांबवायची. आयीचा नवरा, म्हणजे आमचे ‘शुशु’, काका, तापल्या कढईत चरबीसारख्या घट्ट वनस्पती-तेलाचा हात फिरवत आणि मूठ-दोन मुठी पानं टाकत. झारा नाही, उलथनं नाही, उघडा तळहात. आधी नुसतं उचलायचं नि झटकायचं, वाफ जाऊ द्यायची. पान मऊ पडलं की कढईच्या अंगाला दाबत सरकवायचं. लुंगजिंगचं पान चपटं दिसतं ते या दाबानं. पंधरा मिनिटांनी पानं बाहेर, तासभर विसावा, मग पुन्हा कढई. हाताच्या अशा दहा हालचाली शिकाव्या लागतात. शुशुंच्या तळहाताची कातडी भाकरी थापणाऱ्या आजीच्या हातासारखी झाली होती. चारपाच किलो ओल्या पानांचा जेमतेम एक किलो चहा होतो. आता पुष्कळ घरांत यंत्रं आली आहेत. पण शुशु पहिल्या खुडीचा चहा हातानंच भाजत.

छिंगमिंगला मात्र सकाळी खुडणं थांबलं. हा पितरांचा दिवस आहे. २००८ पासून चीनमध्ये त्याची सरकारी सुट्टी असते. शुशुंच्या आईवडिलांची थडगी मळ्याच्या वरच्या अंगाला होती. सगळ्यांनी मिळून गवत उपटलं, मातीची नवी भर घातली, उदबत्त्या लावल्या, फळं मांडली. शेवटी शुशुंनी नव्या चहाचे दोन पेले ठेवले. घरातल्या कुणीही तोवर त्या वर्षीचा चहा तोंडाला लावला नव्हता.

खाली आल्यावर छिंगथ्वान खाल्ले. चिकट तांदळाच्या पिठात रानातल्या पाल्याचा रस मळून केलेले हिरवेगार गोळे, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, वाफेवर उकडलेले. उकडीच्या मोदकाची आठवण येणारच. पण हे गारच खातात, कारण छिंगमिंगला लागून पूर्वी चूल न पेटवण्याचा सण असे. त्या पाल्याचा वास ओळखीचा वाटत होता. तो आपल्या दवण्याच्याच कुळातला. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, त्याच दिवसांत तिथं त्याचा भाऊबंद पिठात मळला जातो.

पहिल्या खुडीच्या भावाचं आता वेड झालं आहे, असं मला स्पष्ट वाटतं. लवकर फुटणारे वाण लावून गावं तारखेशी स्पर्धा करतात. हांगझोऊचेच श्यू त्सशू यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस चहावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते छिंगमिंग फार लवकर, उन्हाळ्याचा आरंभ फार उशीर, गुयूच्या मागचेपुढचे दिवसच योग्य. माझ्या जिभेचं मतही तेच. गुयूच्या आधीच्या चहात अंग असतं. साध्या काचेच्या पेल्यात, उकळी विसावलेल्या पाण्यात, दूधसाखर काही न घालता तो प्यायचा आणि तळाशी तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी ओतायचं. आपला ‘चहा’ हा शब्दही मुळात या ‘चा’चाच.

परतायच्या वर्षी आयीनं विचारलं, तुमच्याकडे पेरणी कधी? मी म्हटलं, मृगात, ७-८ जूनला. तिनं कॅलेंडरची पानं उलटली आणि जूनच्या सुरुवातीच्या ‘मांगचुंग’वर बोट ठेवलं. कुसळाच्या धान्याचा दिवस. तिचं माहेर भातखाचरांच्या सपाटीवर होतं. याच दिवसांत तिथं भाताची लावणी चालते, ती स्वतः लग्नापर्यंत गुडघाभर चिखलात उभी राहिलेली. मग तिनं मला पेन दिलं. त्या चौकोनात, चिनी अक्षरांच्या शेजारी, मी देवनागरीत ‘मृग’ लिहिलं.